चिमीचं नाक

त्या वर्षी दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील भरभरून लागला आणि हिराला पाठ टेकायला सवड मिळेनाशी झाली. नवऱ्याची, दामूची, होडी खाडीत शिरली की गुडघाभर चिखलातून टोपल्या वर आणायच्या, बोंबील धुवायचे, दोघादोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या वाळायला बांबूच्या आडव्या वलांडीवर टांगायच्या आणि उरलेली ओली मासळी डोक्यावर घेऊन बोईसरची एस.टी. धरायची. सासू गोजराबाईचे गुडघे धरलेले. ती अंगणात पाय पसरून जवळा निवडायची आणि बसल्या जागेवरून कावळ्यांना शिव्या घालायची. सहा वर्षांची चिमी शाळेतून आली की काठी घेऊन वलांडीखाली फिरायची. तिने जेवण केलं की नाही, हे विचारायची आठवण हिराला पुष्कळदा दिवस मावळल्यावर व्हायची.

घरातला वास पहिल्यांदा दामूच्या ध्यानात आला. जेवता जेवता त्याने नाक मुरडलं आणि कुठेतरी घूस मेली असणार म्हणाला. हिराने पडवीतली जाळी उलटीपालटी केली, चुलीमागची लाकडं काढली, मडक्यांच्या उतरंडीखाली केरसुणी घातली. काही सापडलं नाही. गोजराबाई म्हणाली, खाडीच्या पाण्यालाच हल्ली वास मारतो, तोच वाऱ्यावर येत असेल. तेवढ्यावर ते मिटलं.

मग एका दुपारी हिरा चिमीला मांडीशी घेऊन उवा काढायला बसली. पोरीने काहीतरी विचारायला मान वर केली, आणि हिराने हात झटकून तोंड बाजूला केलं. तो वास पोरीच्या तोंडावरून येत होता. जन्मापासून हिराचं नाक माशात वाढलेलं. ताजा मासा, बर्फातला मासा, उन्हात नासलेला मासा, कशाचंच तिला काही वाटत नसे. हा वास तसला नव्हता. तिने चिमीची हनुवटी धरून बघितलं. उजव्या नाकपुडीतून पिवळंहिरवं पाणी ओघळत होतं आणि त्याखालची कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती. हिराने पदराने ते पुसलं. पडसं आहे, जाईल, असं ती स्वतःशीच म्हणाली.

पडसं गेलं नाही. ओव्याची धुरी देऊन झाली, राईचं तेल सोडून झालं. एक दिवस गोजराबाईने सुनेला वलांडीच्या पलीकडे बोलावून नेलं आणि इकडेतिकडे बघून तो शब्द उच्चारला. पीनस. नाक आतून सडत जाण्याचा रोग. गोजराबाईच्या माहेरी, नवापूरला, नवसी म्हणून एक बाई होती. तिला पीनस झाला तेव्हा नवऱ्याने बैलगाडीत घालून तिला बापाच्या दारात आणून सोडलं. पुढे ती मागच्या छपरात राहिली. तिला पाणी वरून ओतायचे, भाकरी लांबून सरकवायचे. गोजराबाईने लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज अजून खाली गेला.

"पोरीची जात हाय," ती म्हणाली. "एकदा नाव पडला का मरेतोवर जायाचा नाय. तोंड बंद ठेव."

हिराने तोंड बंद ठेवलं. बोईसरच्या बाजारात बसायची तिथून हाकेच्या अंतरावर दवाखाना होता. पण डॉक्टरने बघितलं की तो नाव घेणार, त्याने नाव घेतलं की कंपाउंडर ऐकणार आणि कंपाउंडरने ऐकलं की एस.टी.च्या आधी ते दांडीला पोचणार, असा तिने हिशोब मांडला. मग ती घरातल्या घरात एकेक करू लागली. चिमीच्या तोंडाला पावडर थापायची. तिची थाळी वेगळी मांजरीच्या कोपऱ्यात ठेवायची. शेजारची पोरं खेळायला आली की चिमीला आत बोलवायची. शेवटी तिने चिमीची गोधडी पडवीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी घातली. दामूने विचारलं, पोरीला बाहेर का टाकलीस? घरात तिला धुराने खोकला येतो, असं हिराने सांगितलं. तो दिवसभर दोर ओढून आला होता. बरं म्हणाला आणि घोरायला लागला.

चिमी काही विचारत नसे. गोधडी दिसली तिथे झोपली.

शाळेत मंगलाबाई शिकवायच्या. तारापूरच्या वाडीवाल्यांच्या घरातल्या, केळी-नारळीच्या बागा असलेल्या. त्यांनी चिमीला दाराजवळ बसवलं आहे, हे हिराला शेजारणीच्या पोरीकडून कळलं. बाकीची पोरं पुढे, मध्ये मोकळी जमीन आणि दाराशी एकटी चिमी. हिरा बाजारातून परतली होती, टोपली अजून डोक्यावर होती. ती तशीच वळून शाळेत गेली.

मंगलाबाई वर्गातून बाहेर आल्या आणि तिला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. बाई हळू बोलत होत्या, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"चिमीच्या आई, रागावू नका. हा वास मासळीचा नाही. तिच्या नाकातून येतो, आणि एकाच बाजूने येतो. बोईसरला नाक-कानाचे डॉक्टर येतात, त्यांना एकदा दाखवा."

हिराने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. म्हणजे हे बाहेर दिसतं. म्हणजे हिला कळलं. अजून एक वाक्य बोलली तर ही बाई तो शब्द काढणार, असं तिला वाटलं, आणि तो ऐकायला लागू नये म्हणून तिने आवाज चढवला. आमी मच्छीवाले म्हणून आमच्या पोरांचा वास येतो काय, आमच्या हातचं पापलेट ताटात पडतं तवा येत नाय काय, पोरगी शिकली तर तुमच्या पोटात दुखतं काय. बोलता बोलता तिला बरं वाटायला लागलं. जाळी विणत बसलेली माणसं उठून आली, पाण्याला चाललेल्या बाया थांबल्या. मंगलाबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदोनदा तोंड उघडलं, पण हिराने त्यांना बोलू दिलं नाही. वर्गातली पोरं दारात गोळा झाली होती आणि त्यांच्यात चिमी मान खाली घालून उभी होती.

त्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायांनी हिराची पाठ थोपटली. मास्तरणीला बरी दाखवलीस म्हणाल्या. हिरा हसली आणि पाणी भरून निघाली. रस्ताभर तिला मान वर करवेना. मंगलाबाई खोटं बोलली नव्हती, हे त्या सगळ्यांत एकट्या तिलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून चिमीला वर्गात पुढे बसवलं. शेजारची पोरं नाक दाबून हसायची. थोड्याच दिवसांत चिमी आपण होऊन पुन्हा दाराशी जाऊन बसू लागली, आणि मंगलाबाई काही बोलल्या नाहीत.

त्यातच हिराच्या भावाचं, एकनाथचं, लग्न आलं. हिराचं माहेरही नवापूरचंच, काही लांब नव्हतं. चिमीसाठी गुलाबी फ्रॉक शिवून ठेवला होता. पण मांडवात बाया पोरांना उचलून मांडीवर घेतात, गालाला गाल लावतात. निघायच्या सकाळी हिराने ठरवलं, पोरीला न्यायचं नाही. चिमीला म्हणाली, आजीचे पाय दुखतात, तू तिच्याजवळ राहा. मांडवात जो तो चिमीचं विचारत होता. हिराने सगळ्यांना सांगितलं की तिला गालगुंड झालंय. हळद लागली, गाणी झाली, हिरा बायांबरोबर नाचलीसुद्धा.

परत आली तेव्हा चिमी उंबऱ्यावर बसली होती. तिने तो गुलाबी फ्रॉक स्वतःच घातला होता. पाठीमागच्या गुंड्या तिच्या हाताला पोचत नव्हत्या, त्यामुळे तो खांद्यावरून घसरला होता. गोजराबाई आत झोपली होती. चिमीने विचारलं, "मामाचं लगीन झालं?" हिरा हो म्हणाली. मग तिने गुंड्या लावायला हात पुढे केला आणि तो वास आल्यावर मान वळवून, न बघता, चाचपडत त्या लावल्या.

पुढे उधाणाचे दिवस आले आणि होड्या किनाऱ्याला लागल्या. दामू घरी होता. सकाळी तो पडवीत जाळं दुरुस्त करायला बसला, तर शेजारी चिमी अजून गोधडीतच. तिला हाक मारली, तिने डोळे उघडले. अंग तापलेलं, उजव्या डोळ्याखाली सूज, आणि नाकातून येणाऱ्या घाणीत आता रक्त मिसळलेलं. गोधडीवर डाग पडले होते. दामूने तिला तशीच उचलली आणि बायकोला चल म्हणाला. गोजराबाई आडवी आली, पीनसाचं नाव गावभर होईल म्हणाली. दामूला तो शब्द तेव्हा पहिल्यांदा कळला. त्याने आईकडे बघितलं, मग बायकोकडे. पोरीला घेऊन तो चालायला लागला.

हिराने निघताना रिकामी टोपली काखेत घेतली.

एस.टी.त ती दोघं मागच्या बाकावर बसली, पोर दामूच्या मांडीवर. मनोरला बहिणीकडे चाललेले गावातले प्रताप सोनार पुढच्या बाकावर होते. गाडी तापली तसा वास पसरला. माणसांनी रुमाल काढले. सोनारांनी मागे वळून विचारलं, "काय गं, मासळी कुजली काय तुझी?"

"व्हय काका, शिळी हाय," हिरा म्हणाली, आणि रिकाम्या टोपलीवर तिने पदर पसरला.

दामूने खिडकीबाहेर बघितलं. चिमी जागी होती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती आणि तिने हळूच आपलं तोंड बापाच्या सदऱ्यात खुपसलं.

दवाखान्यात नाक-कानाचे डॉक्टर आलेले होते. उतारवयाचे, जाड चष्म्याचे. हिरा त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होती, की आता हे नाक मुरडतील. त्यांनी मुरडलं नाही. चिमीला जवळ ओढून त्यांनी नाव विचारलं, शाळा विचारली. मग एक चकचकीत पोलादी पट्टी तिच्या नाकाखाली आडवी धरली आणि श्वास सोड म्हणाले. पट्टीवर डाव्या बाजूला वाफ धरली. उजवी बाजू कोरडी राहिली.

"घाण पहिल्यापासून या एकाच बाजूने येते ना?"

दामूने हिराकडे बघितलं. हिराने मान डोलावली.

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा खाली ओढला आणि आत बघितलं. दामूला सांगितलं, पोरीला मांडीवर घट्ट धरा. त्याने तिचे पाय आपल्या मांड्यांत दाबले आणि एका हाताने तिचे दोन्ही हात कवटाळले. कंपाउंडरने डोकं धरलं. डॉक्टरांनी नाकपुडीत औषधाचे थेंब टाकले, थोडं थांबले, मग टोकाला वाकवलेली एक बारीक सळई आत घातली, मागे नेली आणि हलकेच पुढे ओढली. चिमी एकदाच किंचाळली. काळपट, बुळबुळीत असा एक गोळा ताटलीत पडला, आणि त्या खोलीत असा वास सुटला की कंपाउंडरने जाऊन खिडकी उघडली. नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी कापूस धरला, थोड्या वेळाने रक्त थांबलं.

त्यांनी तो गोळा नळाखाली धरला. वरची घाण गेली आणि आतून निळा रंग दिसला. स्पंजचा तुकडा होता, शेंगदाण्याएवढा.

हिरा त्या निळ्या तुकड्यावर वाकली. तिने विचारलं, "म्हंजे पीनस नाय?"

"कुणी सांगितलं पीनस?" डॉक्टर म्हणाले. पोरं नाकात काहीही घालतात. चिंचोके, चणे, मणी, खडूचे तुकडे. वास आणि घाण एकाच बाजूने आली की आधी हेच बघायचं असतं. मात्र घरी कधी आकडा घालून काढायला जाऊ नका, वस्तू मागे सरकून श्वासाच्या नळीत गेली तर पोर गुदमरेल. लगेच घेऊन यायचं. लगेच आला असतात तर चिमट्याने निघण्यासारखं काम होतं. एवढं बोलून त्यांनी कागद ओढला. "किती दिवस झाले याला?"

"आठ-धा दिस," हिरा म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग पोरीच्या नाकाखालच्या सोललेल्या, खपल्या धरलेल्या कातडीकडे. काही लिहिलं नाही.

"मी आयेला सांगितलेलं," चिमी बापाच्या मांडीवरून म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता, तक्रारीचा नव्हता. "आजीच्या उशीत भरताना गेला. मी बोलली, नाकात गेला. आय बोलली, कावला हाकल."

गोजराबाईच्या उशीसाठी बाजारातून स्पंजचे तुकडे आणले होते, ते भरले होते, एवढं हिराला आठवत होतं. तो दिवस मात्र तिला सापडेना. पोर कुठे उभी होती, आपण वलांडीच्या कुठल्या बाजूला होतो, हातात काय होतं, काहीच नाही. पोर खोटं बोलते असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण ते शब्द हिराचेच होते. त्या हंगामात ती दिवसातून कितीदा तरी चिमीला तेवढंच एक वाक्य बोलली होती.

बाहेर आल्यावर दामूचं लक्ष टोपलीकडे गेलं.

"ही कशाला आणलेली?" त्याने विचारलं.

हिराने ती दुसऱ्या काखेत घेतली. त्याला एस.टी.तलं आठवलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही. पोरीला खांद्यावर घेऊन तो स्टँडकडे चालू लागला. परतीच्या गाडीत तो त्या दोघींच्या मध्ये बसला.

औषधाने सूज उतरली, ताप गेला, मिठाच्या पाण्याने नाक धुऊन धुऊन आतली जखम भरली. वास असा गेला की कधी होता यावर विश्वास बसू नये. गोजराबाईला तर हुरूप आला. जो येईल त्याला ती उशी दाखवून सांगायची, आणि आळीतल्या बाया पोट धरून हसायच्या. आता कुणालाही सांगण्यासारखी ती गोष्ट झाली होती. हिरालाही बाया थट्टेने विचारत. तिला हसू येत नसे. तिने चिमीची गोधडी आत आणली, वेगळी थाळी बाकीच्या भांड्यांत मिसळून टाकली. चिमी आत झोपू लागली, पण भिंतीकडे तोंड करून. बोलताना ओठांवर हात धरायची. हाताने खूण करून भागणार असेल तर बोलायची नाही.

एका सकाळी हिरा मासळी उतरवायला गेली नाही. तिने डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि चिमीचा हात धरून शाळेत गेली. मुद्दाम वर्ग भरल्यावर. आपण बाईंना बोललो ते सगळ्यांच्या देखत, तर हेही त्यांच्या देखतच व्हायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दारातून आत पाय टाकल्यावर मात्र सगळं पाठ केलेलं विसरली.

"बाई," ती म्हणाली, "तुमी बोललात तां खरां होतां. मना तवाच ठाव होतां. मी उगाच तुमाला बोलली."

मंगलाबाईंनी हातातलं पुस्तक मिटलं.

"मला एवढं कळत होतं तर मीच तिला न्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात म्हणून मी गप्प बसले. रागाने बसले. आणि तिला तिथे बसू दिलं."

त्यांनी दाराजवळच्या जागेकडे बोट केलं नाही, पण दोघींनी तिकडे बघितलं. मग बाईंनी पुढच्या रांगेतल्या पोरींना सरकायला सांगितलं. जागा झाली. चिमी हलली नाही. दोन्ही हातांनी दप्तर पोटाशी धरून ती तिथेच उभी राहिली. मग आईचा पदर ओढून तिने काहीतरी विचारलं, इतक्या हळू की हिराला खाली वाकावं लागलं.

"वास येतो काय अजून?"

हिरा तिच्यासमोर उकिडवी बसली. सगळा वर्ग बघत होता, बाई बघत होत्या. तिने चिमीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपलं नाक तिच्या नाकाला टेकवलं. खोबरेल तेलाचा वास आला, सकाळी चुलीवर भाजलेल्या भाकरीचा आला. आणखी काही येत नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं की चिमी श्वासच घेत नाही. डोळे घट्ट मिटलेले, ओठ आत ओढलेले, गाल ताठ. आई जवळ आली की असं करायला पोर कधी शिकली, हेही हिराला ठाऊक नव्हतं.

"चिमे, सोड," ती म्हणाली. "श्वास सोड."

चिमीने मानेनेच नाही म्हटलं. तिचा चेहरा लाल होत चालला.

"मी उठत नाय. सोड."

हिराने नाक टेकवलेलंच ठेवलं. पोरीला फार वेळ धरवलं नाही. तिचे ओठ सुटले आणि कोंडलेला सगळा श्वास एकदम, गरम गरम, हिराच्या तोंडावर आला. चिमीने डोळे उघडले आणि आई मान वळवते का ते बघितलं.